बाग देखभाल व सेवाकामासाठी लांबणारा (मॅजिक) पाईप: फायदे, मर्यादा आणि निवड

पुण्याच्या नैर्ऋत्येला सिंहगड रस्त्यालगत असलेल्या धायरीचा उर्वरित भाग २०१७ साली महापालिका हद्दीत आला. धायरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात आता शेतीच्या जोडीला सोसायट्यांच्या बागा, गच्चीवरील कुंड्या, रोपवाटिका आणि लहान गोठे असे मिश्र चित्र दिसते. त्यामुळे बाग देखभाल, कुंड्यांना पाणी देणे, रोपे धुणे, गोठा व टाकी स्वच्छता, ठिबक संचाची दुरुस्ती अशी फिरती सेवाकामे वाढली आहेत. अशी कामे करणाऱ्यांना दुचाकीवरून पाईप न्यावा लागतो. म्हणूनच बाजारात ‘मॅजिक होज’ किंवा ‘एक्स्पांडेबल पाईप’ या नावाने मिळणाऱ्या लांबणाऱ्या पाईपकडे अनेकांचा कल आहे.

हा पाईप काही कामांना फार सोयीचा आहे, तर काही कामांना तो अजिबात चालत नाही. चुकीच्या जागी वापरल्यास तो महिनाभरात फुटू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या नळाला बेफिकिरीने जोडल्यास त्याहून मोठे नुकसान होऊ शकते. खरेदीपूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याची माहिती पुढे दिली आहे.

पाईप लांबतो कसा?

या पाईपमध्ये दोन थर असतात. आत रबर (लॅटेक्स) किंवा रबरासारख्या प्लास्टिकची ताणली जाणारी नळी असते. बाहेर पॉलिस्टर किंवा नायलॉनची विणलेली, न ताणणारी खोळ असते. दोन्ही थर फक्त टोकांना, जोडणीजवळ एकमेकांना बांधलेले असतात. मधल्या भागात ते सुटे असतात.

नळ सुरू केला आणि पुढचे नोझल बंद ठेवले, की आत दाब तयार होतो. आतील नळी जाडीला फुगते आणि लांबीलाही ताणली जाते. चुण्या पडलेली खोळ उलगडत जाते. खोळ पूर्ण ताणली की नळीला पुढे वाढता येत नाही आणि पाण्याचा दाब खोळ पेलते. ५ मीटरचा आखडलेला पाईप अशा रीतीने सुमारे १५ मीटरपर्यंत पोहोचतो. नळ बंद करून नोझल उघडले, की ताणलेली नळी पाणी बाहेर ढकलते आणि पुन्हा आखडते.

अमेरिकेत मायकेल बेरार्डी यांच्या नावाने २०१२ मध्ये या रचनेची पेटंटे नोंदली गेली. पुढे बराच काळ न्यायालयीन वाद चालला. ही रचना मुळात घरगुती बागेसाठी, चांगल्या दाबाच्या नळाचा विचार करून झाली आहे. शेतातील पंप, खत-औषधे किंवा उन्हात दिवसभर पडून राहणे, हा तिचा उद्देश नाही.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, दाब नसेल तर हा पाईप लांबत नाही. दुसरी, पाईपचे आयुष्य आतील पातळ नळीवर ठरते, बाहेरच्या मजबूत दिसणाऱ्या खोळीवर नव्हे.

आधी दाब तपासा, मग पाईप घ्या

बहुतेक लांबणाऱ्या पाईपांना पूर्ण लांबीसाठी साधारण २ ते ३ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाब लागतो. टाकीतून गुरुत्वाने येणाऱ्या पाण्याचा हिशोब सोपा आहे. टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर सुमारे १ किलो दाब मिळतो. त्यानुसार ढोबळ अंदाज असा:

- गच्चीवरील बाग, टाकी २ मीटर उंचीवर: ०.२ किलो. पाईप लांबणार नाही.
- दुमजली घर, तळमजल्यावरील नळ: ०.८ ते १ किलो. पाईप अर्धवट लांबेल, नोझल उघडताच परत आखडू लागेल.
- सात मजली इमारत, तळमजल्यावरील बागेचा नळ: सुमारे २ किलो. पाईप बऱ्यापैकी चालेल.
- बूस्टर पंप असलेली लाईन: पंपाच्या क्षमतेनुसार दाब मिळतो. बहुतेक ठिकाणी पाईप चांगला चालतो.

नळजोडातील गंज, अर्धवट उघडलेला कॉक आणि लाईनमधील वळणे यांमुळे प्रत्यक्ष दाब यापेक्षा कमी भरतो. यासाठी ठिबक संचाचा दाबमापक वापरता येतो. योग्य जोडणी वापरून तो नळाला लावावा आणि नळ पूर्ण उघडून आकडा पाहावा. दोन मिनिटांच्या या तपासणीने चुकीची खरेदी टळते.

गच्चीवरील बागेचे काम घेणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. जागा कमी म्हणून हा पाईप गच्चीसाठी आदर्श वाटतो. मात्र टाकी तिथेच, डोक्याच्या उंचीवर असल्याने दाब सर्वांत कमी तिथेच मिळतो. अशा जागी हलका साधा पाईप किंवा झारीच योग्य ठरते.

विहीर किंवा बोअरच्या पंपावर नेमके उलटे होते. ६० मीटर किंवा त्याहून अधिक शीर्ष (हेड) देणारा पंप सुरू असताना पुढचे नोझल बंद केले, तर दाब ६ किलोच्या वर जाऊ शकतो. साधा लांबणारा पाईप अशा वेळी जोडणीतून सुटतो किंवा मध्येच फुटतो. पंपावर वापरायचाच असल्यास बायपास व्हॉल्व्ह ठेवून दाब ३ किलोच्या आसपास मर्यादित करावा. पाकिटावर लिहिलेला कमाल दाब ओलांडू नये.

फायदे

१. नेण्यास सोपा. आखडलेला पाईप पिशवीत किंवा दुचाकीच्या डिकीत मावतो. दिवसात चार-पाच ठिकाणी जाणाऱ्या माळीकाम करणाऱ्याला ही खरी सोय आहे.

२. गुंडाळण्याचा वेळ वाचतो. काम संपल्यावर तो स्वतः रिकामा होऊन आखडतो. लिफ्ट, जिना, पार्किंग अशा ठिकाणी ओला पाईप ओढत न्यावा लागत नाही.

३. पीळ पडत नाही. साध्या पीव्हीसी पाईपला वळणावर पीळ पडून पाणी थांबते. भरलेल्या लांबणाऱ्या पाईपला तसा पीळ सहसा पडत नाही.

४. अडचणीच्या जागेत कमी पसारा. जिथे नळ जवळ आहे आणि काम १०-१२ मीटरच्या आत आहे, तिथे वाटेत पाईपचे वेटोळे पडून राहत नाही.

वजनाबाबत एक गैरसमज दिसतो. अर्धा इंच आतील व्यासाच्या १५ मीटर पाईपमध्ये जवळपास १.९ लिटर पाणी असते. लांबणारा पाईप भरला की तेवढे किंवा त्याहून अधिक पाणी त्यातही असते. म्हणजे तो नेताना हलका असतो. पाणी देताना ओढायला मात्र फार हलका नसतो. शिवाय तो सतत मागे ओढ घेतो. नोझल हातातून सुटल्यास टोक झटक्याने मागे येते आणि वाटेतील कुंड्या पडू शकतात.

मर्यादा

ऊन: रबरी नळी ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोनमुळे कडक होऊन चिरते. एप्रिल-मे महिन्यांत फरशीवर भरलेला पाईप पडून राहिला, तर आतील पाणी तापते, दाब वाढतो आणि नळी एखाद्या अशक्त जागी फुगून फुटते.

काटे व खरखरीत कडा: गुलाब, बोगनवेल, बाभळीचे कुंपण, तुटलेली फरशी, पत्र्याची कड यांत खोळ अडकते. खोळीचे धागे तुटले की त्या जागी आतील नळीला आधार राहत नाही आणि तिथेच फुगा येतो. असा फुगा दिसताच पाईप दाबाखाली वापरणे थांबवावे.

दुरुस्ती अवघड: साधा पाईप फुटला तर तेवढा भाग कापून जोड आणि क्लिप लावून काम पुढे सुरू करता येते. लांबणाऱ्या पाईपची नळी मध्येच फुटली, तर शेतात टिकाऊ दुरुस्ती होत नाही. टोकाजवळ फुटल्यास आणि सुटी जोडणी मिळत असल्यासच तो वाचवता येतो.

कमी प्रवाह: जोडणीच्या तोंडाचे छिद्र बरेचदा पाईपपेक्षा अरुंद असते, त्यामुळे प्रवाह मर्यादित राहतो. २० लिटरची बादली किती वेळात भरते, ते मोजावे. २ मिनिटे लागल्यास प्रवाह मिनिटाला १० लिटर आहे. ५० कुंड्यांना प्रत्येकी २ लिटर द्यायचे, तर १० मिनिटांत काम होते. पण एका गुंठ्याला ५ मि.मी. पाणी द्यायचे म्हणजे सुमारे ५०० लिटर, म्हणजेच ५० मिनिटे. एका एकराला हाच हिशोब ३३ तासांवर जातो. म्हणून हा पाईप सिंचनाचे साधन नाही. कुंड्या, वाफे आणि धुलाई एवढ्यापुरताच तो उपयोगी आहे.

गढूळ पाणी: टँकर किंवा उघड्या विहिरीच्या पाण्यातील वाळूचे कण वायसर आणि नोझलमध्ये अडकतात, तसेच पातळ नळी आतून घासतात. आधी गाळणी (जाळीचा फिल्टर) लावावी.

या कामांना अजिबात वापरू नये

- एचटीपी फवारणी पंपाला. हे पंप २० किलो किंवा त्याहून अधिक दाबावर चालतात. पाईप फुटून औषध अंगावर उडण्याचा धोका आहे.
- कीडनाशक, तणनाशक किंवा निंबोळी तेलाच्या द्रावणासाठी. ईसी प्रकारच्या औषधांतील द्रावक आणि तेल नैसर्गिक रबर फुगवून मऊ करतात. औषधाचा अंश नळीत राहून पुढच्या पाण्यातही उतरतो.
- बोर्डो मिश्रणासाठी. मोरचुदातील तांबे नैसर्गिक रबराची झीज वेगाने करते.
- जीवामृत, स्लरी, विद्राव्य खते देण्यासाठी. गाळ अरुंद तोंडात अडकतो आणि उरलेला भाग नळीत आंबतो.
- पंपाच्या सक्शन बाजूला. ओढ लागताच नळी चिकटून बंद होते. तिथे कडक सक्शन पाईपच हवा.
- टायमर किंवा ठिबकच्या कायम जोडणीसाठी. तासन्‌तास दाबाखाली राहण्यासाठी हा पाईप बनलेला नाही.
- गरम पाण्यासाठी. गोठ्यातील किंवा दूध संकलनाची भांडी गरम पाण्याने धुताना हा पाईप वापरू नये.

पिण्याच्या पाण्याच्या नळाला जोडताना: सर्वांत महत्त्वाची काळजी

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. दूषित पाणी आणि अन्न यांतून तो पसरतो. त्या वेळी परिसरातील पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न ऐरणीवर आला. हा आजार बागेच्या पाईपमुळे पसरला, असा याचा अर्थ नाही. पण ज्या भागाने दूषित पाण्याची झळ सोसली आहे, तिथे नळातून टाकीत घाण परत जाण्याची वाट आपण उघडी ठेवू नये.

साध्या पाईपबाबत हा धोका असा असतो: पाईपचे टोक औषधाच्या ड्रममध्ये किंवा चिखलाच्या पाण्यात बुडालेले आहे आणि तेवढ्यात पाणीपुरवठा बंद होऊन लाईनमध्ये उलटी ओढ निर्माण झाली, तर ड्रममधील पाणी लाईनमध्ये ओढले जाते. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या भागांत हे घडू शकते.

लांबणाऱ्या पाईपमध्ये आणखी एक गोष्ट घडते. नळ उघडा आणि नोझल बंद असताना पुरवठ्याचा दाब गेला, तर ताणलेली नळी आखडताना आतील पाणी मागे, म्हणजे नळाच्या लाईनमध्ये ढकलते. पाईपमध्ये आदल्या दिवसाचे साचलेले, तापलेले पाणी असेल, तर तेच घरच्या लाईनमध्ये जाते. यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१. नळ आणि पाईप यांच्यामध्ये एकदिशा झडप (एनआरव्ही) बसवावी. सेवाकाम करणाऱ्यांनी ती आपल्या पाईपलाच कायम जोडून ठेवावी, म्हणजे प्रत्येक ग्राहकाच्या नळावर वेगळा विचार करावा लागत नाही.

२. पाईपचे टोक ड्रम, टाकी किंवा बादलीतील पाण्यात बुडवू नये. पाण्याच्या पातळीपासून वर अंतर ठेवून भरावे.

३. काम थांबवताना फक्त नोझल बंद न करता नळच बंद करावा.

४. वापराआधी एक-दोन मिनिटे पाणी सोडून आतील जुने पाणी काढून टाकावे. ते झाडांना देता येते. पण ते तापलेले असल्यास रोपांवर सोडू नये.

५. पालक, मेथी, कोथिंबीर यांसारख्या भाज्या बाजारात नेण्याआधी धुण्यासाठी गोठा किंवा गटार धुतलेला पाईप वापरू नये. त्यासाठी वेगळा, खुणेचा पाईप ठेवावा आणि पिण्यायोग्य पाणीच वापरावे. नळाच्या पाण्यात उर्वरित क्लोरीन लिटरला किमान ०.२ मि.ग्रॅ. असावा, असे भारतीय मानक सांगते.

६. बागेच्या पाईपमधून पाणी पिऊ नये आणि मुलांनाही पिऊ देऊ नये. पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख नसलेला पाईप बागेपुरताच समजावा.

खरेदी करताना काय पाहावे?

- आतील नळी: एकेरी पातळ नळीपेक्षा दुहेरी किंवा तिहेरी थराची घ्यावी. दुकानदाराला थेट विचारावे.
- जोडणी: प्लास्टिकची जोडणी आटे घासून किंवा पडून लवकर तडकते. रोजच्या सेवाकामासाठी पितळी जोडणी आणि मध्ये छोटा बॉल व्हॉल्व्ह असलेला पाईप घ्यावा.
- खोळ: विण घट्ट असावी. बोटाने बाजूला सारून आतील नळी दिसत असेल, तर तो पाईप टाळावा.
- लांबी: पाकिटावरील लांबी पूर्ण दाबावरची असते. दाब २ किलोच्या आसपासच असेल, तर प्रत्यक्ष पोहोच कमी धरावी आणि गरजेपेक्षा एक माप मोठा पाईप घ्यावा.
- नळाचे माप: अर्धा व पाऊण इंच दोन्ही आट्यांचे ॲडॉप्टर आणि दोन-चार जादा वायसर सोबत ठेवावेत.
- किंमत: फक्त खरेदीची किंमत न पाहता महिन्याचा खर्च काढावा. समजा, एक पाईप १,२०० रुपयांना घेतला आणि रोजच्या वापरात ६ महिने टिकला, तर महिन्याला २०० रुपये पडले. साधा ब्रेडेड पाईप १,५०० रुपयांचा असून ३० महिने टिकला, तर महिन्याला ५० रुपयेच पडतात. वाचणारा वेळ आणि वाहतुकीची सोय यांचे मोल उरलेल्या १५० रुपयांहून अधिक आहे का, हे ज्याने त्याने आपल्या कामावरून ठरवावे. (आकडे केवळ हिशोब समजण्यासाठी आहेत.)

वापर आणि साठवण

१. नळाला घट्ट जोडून नोझल बंद ठेवावे. नळ हळूहळू उघडावा. एकदम उघडल्यास नळीला झटका बसतो.

२. पाईप पूर्ण लांबल्यावरच नोझल उघडावे. लांबलेला पाईप हाताने आणखी ओढू नये. खोळीच्या पलीकडे तो ताणता येत नाही. सगळा ताण जोडणीवर येतो.

३. कोपऱ्यांवर पाईप घासू नये म्हणून वीट किंवा दगड गोलसर लावावा. काटेरी झाडांजवळ टोक उचलून न्यावे.

४. काम संपल्यावर नळ बंद करावा, नोझल उघडे ठेवावे आणि पाईप रिकामा होऊ द्यावा. बाहेर पडणारे दीड-दोन लिटर पाणी शेवटच्या कुंडीत किंवा बादलीत घ्यावे.

५. पाईप सावलीत, हवेशीर जागी सुकवून ठेवावा. पावसाळ्यात ओला गोळा करून पिशवीत कोंबल्यास खोळीवर बुरशी येते. उंदरांपासून जपण्यासाठी टांगून किंवा झाकणाच्या डब्यात ठेवावा.

६. आठवड्यातून एकदा दाबाखाली पाईप पूर्ण पाहावा. फुगा, तुटलेले धागे, जोडणीजवळची गळती दिसल्यास लगेच बाजूला काढावा.

कोणत्या कामाला कोणता पाईप?

- सोसायटीच्या तळमजल्यावरील कुंड्या व वाफे, दाब २ किलो किंवा अधिक: लांबणारा पाईप योग्य.
- गच्चीवरील बाग, टाकी जवळ, बूस्टर पंप नाही: हलका साधा पाईप किंवा झारी.
- रोपवाटिकेत रोजचे पाणी, काम दिवसभर: ब्रेडेड पीव्हीसी पाईप. जवळच्या वाफ्यांसाठी लांबणारा पाईप जोडीला ठेवता येतो.
- गोठा धुणे: जाड ब्रेडेड पाईप. शेण, खरखरीत फरशी आणि जनावरांचे पाय यांत लांबणारा पाईप टिकत नाही.
- शेतात एका ठिकाणाहून दुसरीकडे पाणी नेणे: लपेटा पाईप किंवा एचडीपीई पाईप.
- फवारणी: फवारणी पंपासोबतचा उच्च दाबाचा पाईपच.
- ठिबक दुरुस्तीसाठी जाताना फिल्टर, लॅटरलची तोंडे धुणे: लांबणारा पाईप चालतो, दाब मर्यादित ठेवावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

युवक गट किंवा महिला बचत गटांना बाग देखभाल सेवेचे प्रशिक्षण देताना पाईप दाखवण्याआधी दाबमापक आणि बादलीची चाचणी करून दाखवावी. एकच पाईप ०.३ किलो आणि २.५ किलो दाबावर कसा वागतो, हे डोळ्यांनी पाहिले की वेगळे समजावावे लागत नाही. सेवा देणाऱ्याच्या संचात एक लांबणारा पाईप, एक १० मीटरचा साधा पाईप, एनआरव्ही, ॲडॉप्टर, वायसर आणि दाबमापक असावा. औषधाच्या कामाचा पाईप या संचात मिसळू देऊ नये; त्याला वेगळा रंग किंवा पट्टी लावावी.

थोडक्यात

- दाब २ किलोच्या खाली असेल, तर लांबणारा पाईप घेऊ नये.
- तो नेण्यासाठी सोयीचा आहे, सिंचनासाठी नाही.
- औषध, खत, गरम पाणी, सक्शन आणि एचटीपी पंप यांपासून दूर ठेवावा.
- पिण्याच्या लाईनला एनआरव्हीशिवाय जोडू नये.
- वापरानंतर नळ बंद, पाईप रिकामा, साठवण सावलीत.